सिनेमा पाहिलात? मग काय पाहिलंत ते मला सांगा

आजचा लेख गोळ्या-औषधांचा नाही, सिनेमाचा आहे. तरीही तो या ब्लॉगवर का, ते वाचताना कळेल.

चुडाव्याचे एक गृहस्थ त्यांच्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आले होते. (त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, काही तपशील बदलले आहेत.) आबा पंचाहत्तरीचे, आयुष्यभर शेती केलेले. दिवे लागायची वेळ झाली की घरातून निघून थेट स्टेशनकडे चालू लागायचे. "नांदेडची गाडी गेली का?" हा एकच प्रश्न दिवसातून वीस वेळा. मुलगा म्हणाला, "वयच झालंय, डॉक्टरसाहेब. पण कधी कधी वाटतं, मुद्दाम करतात."

या 'मुद्दाम'चीच मला जास्त काळजी वाटते. एकदा तो शब्द डोक्यात बसला की घरात आवाज चढतो, दारं लावली जातात, कधी हातही उगारला जातो. मी दहा मिनिटं स्मृतिभ्रंश समजावला, कागदावर मेंदूचं चित्र काढलं. काही पोचलं नाही, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. शेवटी म्हणालो, "घरी सगळे मिळून 'अस्तु' बघा."

पंधरा दिवसांनी ते परत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्या पिक्चरमधले म्हातारबुवा हत्तीच्या मागं गेले, आमचे आबा टेशनाकडं जातात. फरक एवढाच. मुद्दाम करत नाहीत ते."

यापेक्षा चांगलं चित्रपट परीक्षण मी वाचलेलं नाही.

ज्यांनी 'अस्तु' पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं. संस्कृतचे गाढे विद्वान डॉ. चक्रपाणी शास्त्री यांना स्मृतिभ्रंश झालेला आहे. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा बाहेर जाते, तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे निघून जातात. शास्त्रीबुवांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही बाई शिकलेली नाही, आजाराचं नाव तिला माहीत नाही. पण ती त्या म्हाताऱ्याला 'आठवा ना, आठवा ना' असं छळत नाही, लहान मुलासारखं सांभाळते. मी पाऊण तास बोलून जे सांगू शकत नाही, ते ती करून दाखवते.

आणखी एक गोष्ट या सिनेमात नेमकी पकडली आहे. शास्त्रीबुवांना घरची माणसं ओळखू येत नाहीत, पण संस्कृत त्यांच्या तोंडात असतं. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा असंच होतं. आधी ताजं पुसलं जातं, जुनं बराच काळ टिकतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीची गाडीची वेळ आठवते.

आता आपल्या रोजच्या मालिका घ्या. नायिका जिन्यावरून पडते, स्वतःचं नाव विसरते, आणि शंभर भागांनंतर पुन्हा डोक्याला मार बसला की सगळं आठवतं. खुशाल बघा, मजा घ्या, मीही जेवताना बघतो. पण डोक्याला मार लागल्यावर माणूस बहुधा अपघाताच्या आगेमागचं विसरतो, स्वतःचं नाव नाही. आणि दुसऱ्या माराने स्मृती परत येत नाही, इजा वाढते. पडल्यानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनी जरी म्हातारं माणूस गोंधळल्यासारखं वागू लागलं, तरी मेंदूभोवती रक्त साचलेलं असू शकतं. तेव्हा पुढच्या भागाची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

परदेशी सिनेमा चालत असेल तर 'द फादर' (2020) बघा. अँथनी हॉपकिन्स यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. त्यात घरातलं सामान बदलतं, मुलीचा चेहरासुद्धा बदलतो आणि बघणारा स्वतःच गोंधळून जातो. रुग्णाच्या आत काय चाललंय हे कळायला याहून चांगला सिनेमा माझ्या माहितीत नाही. तरी आपल्याकडच्या घरांना मी आधी 'अस्तु'च सुचवतो, कारण सांभाळणारी माणसं त्यात जास्त दिसतात. 'अस्तु'बद्दल माझी एक तक्रार आहे. ते घर सुशिक्षित आणि बऱ्यापैकी सुस्थितीतलं आहे. दोन्ही नवरा-बायको रानात गेल्यावर घरी एकट्या राहणाऱ्या आबांचं काय, याचं उत्तर तिथे मिळत नाही.

म्हणून, आजारावरचा सिनेमा बघितला की 'लई रडवलं' एवढ्यावर थांबू नका. त्यात कोण कंटाळलं, कोणाला राग आला, आपल्या घरात तसं कोण आहे, हे एकमेकांशी बोला. उपचार मात्र सिनेमावरून ठरवू नका. विसरभोळेपणा वाढला की तपासणी हवीच. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणं, काही औषधं यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि त्यातलं बरंचसं सुधारता येतं.

आबांच्या तपासण्यांत तसं काही निघालं नाही. आजार आहे तो आहेच. त्यांच्या खिशात आता नाव आणि मुलाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. स्टेशनबाहेरच्या चहावाल्यालाही सांगून ठेवलंय. संध्याकाळी नातू त्यांच्यासोबत स्टेशनपर्यंत जातो आणि परत घेऊन येतो.

मुलाने मागच्या खेपेला विचारलं, "आबांना पण दाखवू का तो पिक्चर?" मी म्हटलं, तो नको. त्यांच्या तरुणपणीचा दाखवा. त्यांनी दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' मोबाईलवर लावून दिला. आबा खो खो हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच लावला, पुन्हा त्याच जागी हसले. सून म्हणते, आमचा सगळ्यांचा पाठ झालाय, त्यांना मात्र रोज नवाच.