शुगर लपवण्यासाठी रोजा नको

४ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाचा उपांत्य सामना रंगला होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोलंदाजी करणारा मोहम्मद शमी सीमारेषेजवळ पेय पिताना कॅमेऱ्यात दिसला. दोनच दिवसांत बरेलीच्या एका मौलानांनी त्याला शरीयतच्या दृष्टीने गुन्हेगार ठरवून टाकले. प्रवासात असलेल्याला रोज्याची सूट आहे आणि ती खुद्द कुरआनने दिली आहे, असे अनेक उलेमांनी लगेच स्पष्ट केले. भारताने करंडक जिंकला आणि वाद मागे पडला. ‘तुझा रोजा का नाही?’ हे चारचौघांत विचारण्याचा अधिकार कुणाला आहे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

शमीचे कारण साऱ्या जगाला दिसत होते. देवपुरातल्या एखाद्या रिक्षाचालकाचे किंवा शिक्षिकेचे कारण कुणाला दिसत नाही. महिनाभरापूर्वी रक्ततपासणीत टाइप टू मधुमेह निघालेला असतो. घरी सांगितलेले नसते, किंवा फक्त बायकोला ठाऊक असते. अशा माणसासाठी रमजान ही मोठी अडचण होऊन बसते. रोजा सोडला तर लोक विचारतील. उत्तर दिले तर आजार उघडा पडेल. मग तो सोपा वाटणारा मार्ग निवडतो. कुणालाही न विचारता रोजा धरतो, दुपारची गोळी स्वतःच बंद करतो आणि सगळे ठीक असल्याचे भासवतो.

२०२५ मध्ये हा पेच आणखी घट्ट झाला. केंद्र सरकारने २० फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची विशेष मोहीम हाती घेतली होती. रमजान २ मार्चला सुरू झाला. म्हणजे मोहिमेचा बहुतांश काळ आणि रोज्यांचा महिना एकच होता. काहींना आपल्या आजाराची पहिली बातमी नेमकी त्याच महिन्यात कळणार होती.

ही बातमी किती जणांची आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरी भागातले प्रमाण १६.४ टक्के. तरावीहच्या नमाजला एका सफमध्ये वीस जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तर सरासरीने त्यातले तिघे मधुमेही असू शकतात. मंदिरातल्या आरतीला उभ्या असलेल्या वीस जणांचा हिशेबही हाच. इतक्या जणांचा आजार ‘आपल्यात कुणाला नाही’ असे म्हणत झाकला जातो, हे विशेष.

या लाजेचे मूळ एका समजुतीत आहे. हा आजार माणसाने स्वतः ओढवून घेतला, खूप गोड खाल्ले, आळस केला, जिभेवर ताबा ठेवला नाही, अशी ती समजूत. रमजानमध्ये ती जास्तच बोचते, कारण हा महिनाच संयमाचा. ज्याला एरवी जिभेवर ताबा नव्हता, त्याला आता रोजाही जमत नाही, असा दुहेरी ठपका माणूस स्वतःवर ठेवतो.

विज्ञान काय सांगते, ते पाहण्यासाठी पुण्यापर्यंत जायला हवे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास चालवला आहे. कमी वजनाच्या भारतीय बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त असते, असे त्यातून दिसले. आईच्या पोटात असतानाचे कुपोषण पुढे मधुमेहाची जमीन तयार करते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले होते. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे. मात्र युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्याकडच्या माणसाला मधुमेह का होतो, याचे उत्तर त्या एका छायाचित्रात आहे. खाणे, व्यायाम, झोप यांना महत्त्व आहेच. पण आजीच्या काळातल्या दुष्काळाचा आणि आईच्या उपासमारीचा दोष नातवाच्या जिभेवर टाकता येत नाही.

लाजेची किंमत मात्र शरीर मोजते. २००१ मध्ये भारतासह १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा अभ्यास झाला. टाइप टू असलेल्यांपैकी ७९ टक्के जणांनी महिन्यातले किमान पंधरा रोजे धरले होते. साखर धोकादायकरीत्या उतरण्याच्या गंभीर घटना एरवीच्या तुलनेत साडेसात पटींनी वाढल्या होत्या. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. आजूबाजूच्यांना आजार माहीत नसेल तर ते याला ‘रोजा लागला’ म्हणतात आणि मगरिबच्या अजानपर्यंत धीर धरायला सांगतात. लपवलेल्या आजाराचा खरा धोका इथे आहे. मदतीला शेजारी माणसे असतात, पण मदत कशाची करायची हे त्यांना ठाऊक नसते.

धर्माची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. सूरह बकरामध्ये रोज्याची आज्ञा जिथे येते, तिथेच आजारी माणूस आणि प्रवासी यांची सूटही येते. आज जमत नसेल तर पुढे प्रकृती साथ देईल तेव्हा रोजे भरून काढावेत. थंडीत दिवस लहान आणि तहान कमी असते, तेव्हा अनेकांना ते शक्य होते. ज्याला पुढेही जमण्यासारखे नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूच्या जेवणाची सोय करावी, म्हणजे फिदिया द्यावा. ही सवलत पळवाट नव्हे. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अवघडपणा नको, असा खुलासा त्याच ठिकाणी आहे.

प्रत्येक मधुमेहीने रोजा सोडावाच असेही नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत रोज्यातला धोका मोजण्यासाठी गुण दिले जातात. मधुमेह किती वर्षांचा, औषधे कोणती, मूत्रपिंड कसे, साखर पूर्वी कधी उतरली होती का, कष्टाचे काम आहे का, असे सगळे त्यात येते. गुण कमी असलेल्याला डॉक्टर औषधांच्या वेळा बदलून रोजे धरू देऊ शकतात. यंत्रमागावर तासन्‌तास उभा राहणारा कामगार आणि कार्यालयात बसणारा कारकून यांचे उत्तर वेगळे येईल. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर घड्याळाकडे न पाहता रोजा सोडायचा, हा नियम मात्र सर्वांना सारखा. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही उलेमांनी सांगितले आहे. तरीही ते यंत्र दिवसा बाहेर काढायला लोक बिचकतात. भीती रोजा तुटण्याची कमी आणि कुणी पाहील याची जास्त.

घराघरांत या लपवाछपवीचा सराव जुना आहे. पाळीच्या दिवसांत रोजा माफ असतो. तरी कितीतरी बायका घरातल्या पुरुषांसमोर पाण्याचा घोटही घेत नाहीत. पहाटे सर्वांसोबत सहरीला बसतात आणि दिवसभर रोजा असल्यासारख्या वावरतात. अशा घरातल्या बाईला मधुमेह निघाला, तर गोळ्यांची पट्टी डाळीच्या डब्यातच जाणार. त्यात मुलीचे लग्न जमायचे असेल तर विचारायलाच नको. ‘आईला शुगर आहे’ एवढ्यावर रिश्ता अडेल, अशी धास्ती.

पांझरेच्या काठावर ही धास्ती कोणत्याही एका समाजाची नाही. पाडव्यापासून चैत्र नवरात्र सुरू होते. नऊ दिवसांच्या उपवासात साबुदाण्याची खिचडी साखर झपाट्याने वाढवते, हे माहीत असूनही सुनेला सासूसमोर ‘मला चालत नाही’ म्हणता येत नाही. एकवीरादेवीच्या यात्रेत पुढे केलेला पेढा नाकारला तर देवीचा मान राखला नाही असे वाटते. बांधावर उभा शेतकरीही अहिराणीत दबक्या आवाजात विचारतो, ‘तुले बी शुगर शे का?’ त्या ‘बी’मध्ये केवढा दिलासा असतो! आपण एकटे नाही, हे कळले की निम्मे ओझे उतरते.

आजार साऱ्या गावाला सांगत सुटावे, असा याचा अर्थ नाही. तो कुणाला सांगायचा, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचाच. पण निदान तिघांना तरी तो माहीत हवा. उपचार करणारा डॉक्टर, घरातला एक माणूस आणि कामाच्या ठिकाणचा एक सोबती. चक्कर आली तर साखर तोंडात घालणारा हात यांच्यापैकीच कुणाचा तरी असेल.

बाकीची जबाबदारी इतरांची. आशाताई दारात उभ्या राहून कमरेचा घेर, तंबाखू आणि घरातले आजार विचारतात, तेव्हा शेजारीण आणि सासू दोघी ऐकत असतात. तिथे खरी उत्तरे कशी मिळतील? मोहिमेचा आकडा गाठताना ओसरीवर दोन मिनिटांचा आडोसा मिळायला हवा. जुम्याच्या बयानात रोज्याचे महत्त्व सांगितले जाते, त्याच दमात आजाऱ्याची सूटही सांगितली जावी. शाबानमध्येच, म्हणजे चंद्र दिसण्याआधी, डॉक्टरांकडे जाऊन या, असे इमामसाहेबांनी सांगितले तर ते दवाखान्यातल्या फलकापेक्षा जास्त कानांपर्यंत जाईल. आणि सामान्य माणसाने फक्त एक करायचे. ‘रोजा आहे ना?’ हा प्रश्न विचारायचा नाही. रोजा ही बंदा आणि अल्लाह यांच्यातली गोष्ट आहे. तिसऱ्याने त्यात हजेरी घेऊ नये.

२०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ मार्चला. शीरखुर्म्याचे वाडगे आणि श्रीखंडाची वाटी देवपुरात एकाच आठवड्यात घरोघर फिरणार होते. कुणी हात जोडून ‘मला नको, शुगर आहे’ म्हणाले, तर ‘एक चमच्याने काय होते’ असा आग्रह नको. त्याला पाणी द्यावे, शेजारी बसवावे आणि गप्पा पुढे चालू ठेवाव्यात.