शीचा रंग बघा, ऊन दाखवत बसू नका

विषय जरा विचित्र वाटेल, पण घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

बिलिअरी अॅट्रेसिया नावाचा एक दुर्मिळ आजार आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या पित्तनलिका बंद होतात, पित्त यकृतातच साचतं आणि यकृत खराब होत जातं. युरोपात साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे असं एक बाळ सापडतं, तैवानमध्ये ५ ते ६ हजारांमागेच एक. आजार एकच, मग प्रदेशाप्रमाणे एवढा फरक का?

ऋतूचंही तसंच. अमेरिकेत अटलांटाच्या परिसरात डिसेंबर ते मार्चमध्ये जन्मलेल्या बाळांत हा आजार जास्त दिसला. टेक्सासमध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. फ्रान्स आणि स्वीडनमध्ये ऋतूचा काही संबंधच आढळला नाही. कुणी विषाणूवर बोट ठेवतं, कुणी आनुवंशिकतेवर. पक्कं उत्तर अजून नाही.

पण नोंद ठेवली की धागा कसा हाती लागतो, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. न्यू साउथ वेल्समधल्या बुरिंजक धरणाजवळ १९६४, १९८८ आणि २००७ साली नेमक्या याच आजाराची कोकरं जन्मली. प्रत्येक वेळी दुष्काळ होता. धरणाचं पाणी आटलेलं, आणि गाभण मेंढ्या उघड्या पडलेल्या काठावरचं एक तण खात होत्या. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या तणातलं विष वेगळं काढून दाखवलं. माणसं ते तण खात नाहीत, त्यामुळे आपल्या बाळांचं उत्तर त्यात नाही. पण कधी आणि कुठे हे लिहून ठेवलं होतं, म्हणून एवढं तरी कळलं.

आपल्याकडे काय होतं? मोठ्या शहरातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचलेलं बाळ मोजलं जातं, न पोहोचलेलं नाही. पावसाळ्यात रस्ता बंद म्हणून दोन महिने उशिरा आलेल्या बाळाची नोंद दाखल झालेल्या महिन्यात धरली, तर ऋतूचा हिशेबच चुकतो. जन्माचा महिना आणि आईचं गाव धरायला हवं.

आणि उशीर इथे जिवावर बेततो. जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात शोधलेल्या शस्त्रक्रियेत यकृत थेट आतड्याला जोडतात. ती ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता बरीच जास्त. पुढे काहींना यकृत बदलावंही लागतं, पण वाढीला वेळ मिळतो. आपल्याकडे मात्र हे ६० दिवस "कोवळं ऊन दाखवा", "जाईल आपोआप", नाहीतर काविळीच्या माळेत जातात.

तैवानने काय केलं? शीच्या रंगांची चित्रं असलेलं कार्ड आधी काही ठिकाणी वापरून बघितलं आणि २००४ पासून देशभर दिलं. आईने रंग जुळवायचा, फिकट दिसला तर कळवायचं. जपाननेही आई-बाळाच्या पुस्तिकेत हे कार्ड घातलं. यंत्र नाही, तपासणीचा खर्च नाही.

आपली आशाताई तर आधीच घरी येते! दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. सहाव्या आठवड्याला लस असते. म्हणजे ६० दिवसांच्या आत आपली यंत्रणा बाळापर्यंत किती वेळा पोहोचते बघा. माझी मागणी साधी आहे: माता-बाल संरक्षण कार्डात शीच्या रंगांचं एक पान, आशाताईच्या फॉर्मवर एक ओळ, आणि सापडलेल्या प्रत्येक बाळाची जन्ममहिना व तालुक्यासह जिल्ह्यात नोंद. बाळही वाचेल आणि दहा वर्षांनी ऋतू-प्रदेशाचं उत्तरही आपल्याच आकड्यांतून शोधता येईल. जिल्हा परिषदेत निवडून गेलेल्यांनी हे मांडावं, एवढी अपेक्षा गैर नाही.

तोवर आपण काय करायचं? बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही दिसतेय, शी पांढुरकी किंवा शाडूच्या मातीसारखी आहे, लघवीने लंगोटावर गडद पिवळा डाग पडतोय, तर थांबू नका. बाळ गुटगुटीत दिसत असलं तरी थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि डायरेक्ट बिलिरुबिनची तपासणी करायला सांगा.

आपापल्या गावच्या आशाताईंपर्यंत आणि घरातल्या आजीपर्यंत ही पोस्ट पोहोचवा. लंगोट बहुतेक वेळा आजीच बदलते.