खतावणीत न आलेले नाव

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचे आकडे प्रथमदर्शनी समाधान देणारे आहेत. १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या अथवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्क्यांवर गेले. पुरुषांचे प्रमाण याच काळात ७५.८ वरून ७८.८ टक्के झाले. परंतु ताळेबंद वाचताना व्यापारी केवळ बेरीज पाहत नाही, तिच्यामागील नोंदीही तपासतो.

त्या नोंदी वेगळे सांगतात. ग्रामीण भागातील कामकरी पुरुषांपैकी शेतीत असणारे ५५ वरून ४९.४ टक्क्यांवर आले, तर स्त्रियांबाबत हेच प्रमाण ७३.२ वरून ७६.९ झाले. म्हणजे पुरुष शेतीबाहेर पडत असताना स्त्री शेतीतच अधिक गुंतली. याहून लक्षणीय आकडा घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनीसांचा आहे. काम करणाऱ्या स्त्रियांत त्यांचा वाटा ३१.७ वरून ३६.७ टक्के झाला.

वाचकहो, हा आकडा केवळ शेताचा नाही, आपल्या दुकानाचाही आहे. गल्ला सांभाळणारी, उधारीची आठवण ठेवणारी, बिले तपासणारी गृहलक्ष्मी बँकेच्या अर्जात मात्र ‘व्यवसाय : गृहिणी’ असे लिहिते. सेवाकाळात असे अर्ज मी असंख्य पाहिले. स्वतःचे उत्पन्न कागदावर नसल्याने तिला स्वतःच्या नावे कर्ज मिळणे कठीण जाते. एकल मालकीच्या दुकानाचा मालक निवर्तला, तर वीस वर्षे तेच दुकान चालवणारी पत्नी बँकेसमोर मालकीण म्हणून नव्हे, केवळ वारस म्हणून उभी राहते.

उपाय आपल्या हाती आहे. तिला रीतसर भागीदार करावे. किमान तीन भागीदार असतील आणि करारपत्रात तशी तरतूद असेल, तर एकाच्या निधनानंतरही पेढी चालू राहू शकते. पगार देण्यापूर्वी करसल्लागाराचे मत अवश्य घ्यावे. कारण तांत्रिक वा व्यावसायिक पात्रतेविना पत्नीला पतीच्या व्यवसायातून मिळालेला पगार प्राप्तिकरासाठी पतीच्याच उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. तथापि, कर वाचत नाही म्हणून तिचे नाव टाळणे न्याय्य नव्हे.

नोकराचा एक दिवसाचा पगारही आपण वहीत बिनचूक लिहितो. घरच्या स्त्रीच्या श्रमांची नोंद मात्र अनेक वह्यांत आजही कोरीच आहे.