पानावरची फवारणी आणि वाइनचा कस

मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 27 जानेवारी 2022 रोजी घेतला, तेव्हा विरोधकांनी संस्कृतीचा हवाला दिला आणि समर्थकांनी शेतकऱ्याचा. निर्णय वादातच अडकला. परंतु त्या गदारोळात द्राक्षवेलीच्या पानाचा उल्लेख कोणी केल्याचे स्मरत नाही. वस्तुतः वाइन चांगली की सुमार, याचा बराचसा निकाल दुकानात लागत नाही आणि कारखान्यातही लागत नाही. तो बागेतच लागून चुकलेला असतो. त्या बागेत शेतकरी पानांवर कोणते खत, केव्हा आणि कशाच्या आधारावर फवारतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ शेतीतज्ज्ञांचा नव्हे.

परभणीत बसून नाशिकच्या द्राक्षांची चिंता कशाला, असे कोणी विचारील. आपला जिल्हा कापूस, ज्वारी आणि सोयाबीनचा. द्राक्षाचा म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. तथापि पानावर खत फवारण्याचे मूळ कारण आपल्या काळ्या मातीतच आहे. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या जमिनीत चुना भरपूर आणि सामू पुष्कळदा आठच्या आसपास वा त्याहून वर. अशा जमिनीत लोह आणि जस्त नसतात असे नाही. असतात, पण मुळांना मिळत नाहीत. उसाची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याला आपला शेतकरी केवडा पडला म्हणतो. मातीत टाकलेला हिराकस तेथेच जखडला जातो. पानावर फवारला तर चार दिवसांत फरक दिसू लागतो. मातीचा अडसर टाळून अन्न पोचविण्याचा हा मार्ग शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही.

पण मार्ग अरुंद आहे. पानावर मेणाचे आवरण असते आणि त्यातून थोडेच द्रव्य आत शिरते. एकरी 500 लिटर पाण्यात एक टक्का युरिया म्हणजे 5 किलो युरिया. त्यात नत्र सव्वादोन किलोंच्या थोडे वर. तेही सारे पानात जात नाही. जस्ताची किंवा बोरॉनची गरज ग्रॅमांत मोजायची असते, तेथे फवारणी पुरी पडते. नत्र, स्फुरद, पालाश यांचे पोट ती भरू शकत नाही. शेणखताची कसर बाटलीने भरून निघेल, ही समजूत त्यामुळे महागात पडते.

मग वाइनशी संबंध येतो कोठे? द्राक्षाचा रस आंबवणाऱ्या किण्वालाही नत्र लागते. रसात त्याला उपयोगी पडेल असे नत्र लिटरला साधारण 140 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आंबण्याची क्रिया रेंगाळते, कधी अर्ध्यावर थांबते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास पानावर दिलेला थोडा युरिया वेलीचा पाला फारसा न माजवता रसातील हे नत्र वाढवतो. बोर्दो येथील संशोधकांनी सोव्हिन्याँ ब्लाँ या जातीवर नत्र आणि गंधक एकत्र फवारून वाइनचा सुगंध वाढल्याचे 2008 साली दाखवून दिले. या बोर्दोचे नाव आपल्या शेतकऱ्याला वाइनमुळे नव्हे, तर मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणामुळे ठाऊक. गंमत अशी की त्याच मिश्रणातील तांबे घडावर उरले तर ते या सुगंधाचाच नाश करते.

पालाशाची कथा याहून बोधप्रद आहे. खाण्याच्या द्राक्षात गोडी आणि चकाकी यावी म्हणून अखेरीस पालाशाच्या फवारण्या देण्याची पद्धत आहे, आणि तेथे ती चुकीची म्हणता येणार नाही. वाइनच्या रसात मात्र जादा पालाश टार्टारिक आम्लाशी संयोग पावून ते आम्ल खाली बसवतो. सामू चढतो, लाल वाइनचा रंग मंदावतो, चव सपक होते आणि वाइन टिकतही नाही. फ्रान्समध्ये थंडीमुळे आम्ल आपसूक टिकते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. फेब्रुवारीचे ऊन चढू लागले की आम्ल तसेच घटते. त्यावर पालाशाचा मारा म्हणजे आधीच अशक्त झालेल्याला लंघन घडविण्यासारखे आहे. मण्याचा आकार फुगवण्याचेही तेच. मोठा मणी ग्राहकाच्या डोळ्यांत भरतो. वाइनला लहान मणी हवा, कारण रंग आणि कस सालीत असतो.

हा भेद शेतकऱ्याला सांगतो कोण? बहुधा खतविक्रेता. पान पिवळे दिसले की तो एक बाटली काढून देतो, घड विरळ दिसला की दुसरी. अशी ‘टॉनिके’ केंद्र सरकारने 1985 च्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली ती 2021 साली. तोवर ती जवळजवळ मोकाट विकली गेली. 2010 साली एका वाढरोधकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपने अडवली, तेव्हा कर्ज फेडण्याची पाळी आली ती बागाईतदारावर.

देठ परीक्षण ही यावरची साधी वाट. पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून कोणते द्रव्य उणे आहे ते समजते, आणि उणे असेल तेच फवारायचे. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ तर 1972 पासून मराठवाड्याच्या मातीवर काम करीत आले आहे. प्रत्येक बाजारपेठेच्या गावी देठ आणि माती तपासून आठवड्यात उत्तर देणारी सोय उभी करणे राज्याला अशक्य नाही. ती आपल्या कापूस-सोयाबीनवाल्यालाही तितकीच उपयोगी पडेल, कारण बाटल्या तोही घेतो. वाइन कारखान्यांचे कर्तव्य त्याहून सोपे आहे. रसाची साखर, आम्लता, सामू आणि नत्र ते स्वतःच्या सोयीसाठी मोजतातच. ते चार आकडे द्राक्षाच्या पावतीवर लिहून बागाईतदाराच्या हाती द्यावेत आणि भाव केवळ साखरेवर ठरवू नये. सामू चढला म्हणून दोन रुपये कमी मिळाले, हे ज्याला पावतीवर दिसेल तो पुढच्या हंगामात पालाशाची बाटली उघडण्याआधी देठ तपासायला नेईल.