सुट्टीच्या दिवशी लावलेलं झाड

पोळ्याला ढाणकीला गेलो होतो. मावशीचा धाकटाही आला होता. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात हाऊसकीपिंगला आहे, ठेकेदारामार्फत. जेवणं झाल्यावर त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. टेकडीवर वृक्षारोपण, सगळ्यांच्या अंगात हॉटेलचं नाव छापलेले टी-शर्ट, मधोमध साहेब. मावशी एकदम खूश. मी सहज विचारलं, "ड्यूटीत नेलं होतं का रे?"

"नाही दादा, सुट्टी होती माही. गेलो नसतो त खाडा लागला असता."

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. झाड हॉटेलचं, कौतुक साहेबांचं आणि सुट्टी आमच्या पोराची! ही म्हणे सामाजिक जबाबदारी...

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना (उदा. वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असणाऱ्या) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्यात एक अट आहे. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च यात धरायचा नाही. याचा सोयीचा अर्थ असा निघतो की कर्मचारी म्हणजे समाज नव्हे. मला तर उलटाच अर्थ दिसतो. पगार, सुट्टी, ओव्हरटाईम हे देणं आहे, दान नव्हे. आणि घरातलं देणं बुडवून बाहेर दान केलं, तर पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होणार?

कुणी म्हणेल, हॉटेलचा धंदाच असा, पाहुणे रविवारीच येतात. मान्य. मग मंगळवारी सुट्टी द्या, पण ती त्याचीच राहू द्या. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या ताजमध्ये पाहुण्यांना वाचवताना तिथल्या कर्मचाऱ्यांनी प्राण दिले. त्यानंतर महिन्याभरात उभ्या राहिलेल्या ट्रस्टने कर्मचाऱ्यांबरोबर हॉटेलबाहेरच्या हल्लाग्रस्तांनाही मदत केली. म्हणजे दोन्ही जमतं, मनात असेल तर.

आता आपल्याकडे येऊ. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे, ओव्हरटाईमला दुप्पट दर आहे. पण तो आधी १० कामगारांपासून लागू होता, २०२५ मध्ये ती मर्यादा २० वर नेली. ढाणकीतल्या चहा-भज्यांच्या हॉटेलात कुठले वीस कामगार? म्हणून मालक सुटला? आणि आपण? हॉटेल-ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या पोरांना ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, तरी "ए छोटू, पाणी आण" ही हाक आपलीच असते.

असो. पुढच्या वेळी हॉटेलात बसलात की वाढणाऱ्याला एवढंच विचारा, "आठवड्याची सुट्टी मिळते का रे भाऊ?" झाडांचं नंतर बघू.