धबधब्याची वाट

आषाढ लागला की सह्याद्रीच्या कड्यांवरून शुभ्र धारा कोसळू लागतात, आणि पुण्यामुंबईच्या लोकांची पावले आपोआप घाटाकडे वळतात. रायगड जिल्ह्यातील भिरा गावाजवळचे देवकुंड हे अशा सहलींचे एक आवडते ठिकाण होय. पहाटे घर सोडावे, भिऱ्यापासून सुमारे दोन तास रानातून चालावे, धबधबा पाहावा आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे, असा हा एका दिवसाचा बेत असतो.

या बेतात खरी गोडी वाटेची असते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. निसरडी पायवाट, ओलांडावे लागणारे ओढे, दाट झाडीतला मंद प्रकाश आणि मग प्रथम कानांवर येणारा तो घनगंभीर नाद! डोळ्यांना धबधबा दिसण्याच्या कितीतरी आधी तो कानांना भेटतो. परंतु ज्याला केवळ कुंडात उड्या घ्यावयाच्या आहेत आणि छायाचित्रे काढावयाची आहेत, त्याला ही वाट म्हणजे एक अडगळच वाटते. धबधब्याखाली आरडाओरडा करणाऱ्याला धबधबा सर्वांत कमी दिसतो, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

त्याला कडा तरी कोठे दिसतो? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला. त्याचे थरावर थर साचून हा काळा कातळ झाला. काही थर टणक, तर काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतात, टणक थर टिकतात, आणि पाण्याला उडी घ्यावयास उंबरठा मिळतो. खाली पडणारे पाणी दगडगोट्यांसह घुसळत राहते व तेथे डोह कोरला जातो. त्याची खोली काठावरून कळत नाही.

यातूनच अनर्थ ओढवतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. अशी दुर्घटना घडली की बंदीचे हुकूम निघतात आणि शाळाही पावसाळी सहलींना रजा देतात. अतिवृष्टीच्या दिवसांत बंदी हवीच. पण मुलांना धबधब्यांपासून कायमचे दूर ठेवणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे. ज्याने पाणी कधी पाहिलेच नाही, तो मोठेपणी त्याच्यापुढे अधिकच बेसावध उभा राहील. साताऱ्याजवळ ठोसेघरला दरीच्या या काठावर कठड्याआड उभे राहून समोरचा प्रपात पाहतात. तेथे अंगावर पाणी घेता येत नाही, म्हणून कोणाचे काही उणे राहते काय?

मुलांना अवश्य न्यावे. मात्र वाट जाणणाऱ्या स्थानिक माणसाच्या सोबतीने न्यावे. पायथ्याशी ऊन पडलेले असले, तरी माथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो, हे त्याला ठाऊक असते. नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले आणि त्यातून पाला, काटक्या वाहत येऊ लागल्या, की वरून लोंढा येत आहे हे तो ओळखतो. मग तो घड्याळ पाहत नाही. सर्वांना तत्काळ पात्राबाहेर, उंच जागी घेऊन जातो.