अभिक्रियेचा वेग शिकवताना भांडं विसरू नका



रासायनिक अभिक्रिया म्हटलं की आपण काय शिकवतो? कशापासून काय तयार होतं. पण ते किती वेळात तयार होतं, हा प्रश्न दहावीपर्यंत मागेच राहतो. तिथेही कणांचा आकार, संहती, तापमान, उत्प्रेरक ही यादी पाठ केली की मुलं मोकळी! माझं मत असं की सुरुवात चौथीतच व्हावी, आणि तीही घरातल्या वस्तूंनी.

एक फसफसणारी व्हिटॅमिनची गोळी थंड पाण्यात टाका, दुसरी कोमट पाण्यात. तिसरीची पूड करून थंड पाण्यात टाका. मुलांना सेकंद मोजू द्या. कोणती आधी संपते ते ती स्वतःच सांगतील. ऊब मिळाली की कण जास्त जोराने धडकतात आणि पुरेशा जोराच्या धडकेतूनच नवा पदार्थ बनतो. तापमान आणि वेग यांचा हा संबंध स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडला. ढोबळ मानाने, अनेक अभिक्रियांचा वेग दर १० अंशांना दुप्पट होतो. म्हणजे तापमान ३० अंशांवरून ६० वर गेलं तर वेग दुप्पट नाही, साधारण आठपट!

आता भांड्याकडे वळू. कपातला चहा लवकर निवतो, पातेल्यातला उशिरा. का? गणितपेटीतले ८ ठोकळे घ्या. एका ठोकळ्याला ६ बाजू. आठही जोडून मोठा ठोकळा केला तर बाहेरून २४ चौकोन दिसतात. आत माल आठपट, पण बाहेरचा पृष्ठभाग फक्त चौपट. काही अभिक्रियांमध्ये उष्णता बाहेर पडते. ती तयार होते सगळ्या मालात, पण निघून जाते फक्त पृष्ठभागातून. म्हणून परीक्षानळीत शांत असणारी अभिक्रिया मोठ्या टाकीत भडकू शकते. उष्णता साठली की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता!

म्हणूनच कारखान्यातल्या अभिक्रियापात्राला ढवळणी असते आणि भोवती थंड पाणी खेळवलेलं असतं. आपली आजी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची ना, तसंच.

हे विसरलं तर काय होतं? २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. आत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. अभिक्रियेची उष्णता साठत गेली, वेग वाढत गेला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. झोपेतल्या वस्तीत विषारी वायू पसरला आणि हजारो माणसं गेली.

आपल्यापैकी कितीतरी शाळा एमआयडीसीच्या जवळ आहेत. आपलीच मुलं उद्या तिथे कामाला लागतील. कोणी म्हणेल, प्राथमिकच्या मुलांना हे जड जाईल. सूत्रं जड जातील, मान्य. पण 'साहेब, टाकी गरम होतेय, थंड पाणी का बंद आहे?' असं विचारायला सूत्र लागत नाही. आठ ठोकळे नीट कळलेले असले की पुरे.

उद्याच्या तासाला ठोकळे काढून बघा. मुलं काय विचारतात, ते नक्की कळवा.